काठावरची मंडळी

ट्रायथलॉन म्हणजे काय, ते माझ्या वयाच्या वाचकांसाठी आधी सांगून टाकते. आधी पोहायचं, मग तशाच ओल्या अंगानं सायकल चालवायची, आणि सायकल ठेवून लगेच धावायचं. मध्ये कपभर चहाचीही सवड नाही. गोव्यात 'आयर्नमॅन ७०.३' नावाची स्पर्धा २०१९ साली सुरू झाली. तिच्यात समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. सगळं साडेआठ तासांत. तिन्ही अंतरांची मैलात बेरीज केली की ७०.३ येते. (मास्तरीणच मी, करून पाहिली. बरोबर आहे!)

आमची लेक १३ नोव्हेंबर २०२२ ला मिरामारच्या किनाऱ्यावर या स्पर्धेत उतरली. वय चव्वेचाळीस. गाव नागपूर, म्हणजे झिरो माइलचं गाव. समुद्र आम्ही सहलीत पाहिलेला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा ती पहाटे चारला वर्धा रोडवर सायकल काढायची. सातनंतर ऊन खाऊन टाकतं म्हणून.

पोहायला मात्र ती वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी शिकली. त्याला कारण आहे.

१९६२ साली तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझा थोरला भाऊ मित्रांबरोबर कन्हान नदीवर गेला. नदीला पूर होता. सोळा वर्षांचा होता, मी अकरा. त्यानंतर आमच्या आईनं घरात पाण्याला शिवायचं नाही असा नियमच केला, आणि तो माझ्याबरोबर सासरी आला. लेकीनं शाळेत असताना पोहण्याच्या वर्गाची चिठ्ठी आणली की मी ती घडी करून डब्यात ठेवत असे. आजही मला त्यात काही चूक वाटत नाही. ज्या घरानं माणूस दिला आहे त्याला पाण्याची भीती असण्याचा हक्क आहे. पण लेक एक्केचाळीस वर्षांची झाली की तिला कोण चिठ्ठी मागणार?

असो. तर गोव्याला आम्ही दोघं गेलो ते मदत करायला. डब्यात तिखट-मिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं, गूळ-शेंगदाण्याच्या वड्या, इलेक्ट्रॉलची पाकिटं. आदल्या रात्री लेक म्हणाली, "आई, यातलं मला काही देऊ नकोस हं. नियमात बसत नाही. बाद करतील."

मला वाटलं, थट्टा करते. पण खरंच तसं आहे. बाहेरच्या माणसानं स्पर्धकाला पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नाही. जे घ्यायचं ते संयोजकांच्या टेबलावरून. सायकल पंक्चर झाली तर जिची तिनं काढायची.

पूर्वी असं नव्हतं. १८ फेब्रुवारी १९७८ ला हवाईच्या ओआहू बेटावर ही स्पर्धा पहिल्यांदा झाली, मोठ्या अंतराची. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. तेव्हा ज्याचे मदतनीस त्यानंच आणायचे होते. जॉन डनबर नावाचा गडी पुढे होता, पण त्याच्या मंडळींजवळचं पाणी संपलं. मग काय, त्यांनी बिअर पाजली! गडी दुसरा आला. पहिला आला गॉर्डन हॉलर, पावणेबारा तासांत. आणि आमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ साली सायकलवर एकट्यानं अमेरिका ओलांडून गेले, सुमारे ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या मुदतीत. त्या शर्यतीत मदतनिसांची गाडी सोबत असते, तीच खाऊ घालते, तीच झोपवते, उठवते. तिथे आईला काहीतरी काम असतं. इथे नुसतं काठावर उभं राहायचं.

पोहण्याची मुदत एक तास दहा मिनिटं. लेक पाण्यात शिरली आणि तिसऱ्या लाटेनंतर मला ती दिसेनाशी झाली. सगळ्यांची डोकी सारखीच, रंगीत टोप्या घातलेली. हे घड्याळ धरून बसले. देवाचं नाव घ्यावं, तर तोंडी येईना. आठवलं ते एकोणतीसचा पाढा. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न... दहापर्यंत जायचं, पुन्हा पहिल्यापासून. समुद्राचा आवाज नदीसारखा नसतो. नदी नेते, समुद्र निदान आणून सोडतो, असं मी मनाला सांगत होते. त्याला काही शास्त्रीय आधार नाही!

पन्नास मिनिटं झाली. साठ झाली. ह्यांनी बोलणं बंद केलं. एक तास चार मिनिटांनी ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली, डोळ्यांवरचा चष्मा वर केला, आणि आमच्याकडे न बघता सायकलीकडे पळाली. मी वाळूत बसले. शेजारच्या एका अनोळखी बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांचा मुलगा अजून पाण्यात होता. मग आम्ही दोघी त्याची वाट पाहत बसलो.

सायकलीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ती तीन-साडेतीन तास गेली ती गेलीच.

धावणं दुपारच्या उन्हात. प्रत्येकाच्या नंबराच्या कागदावर नाव छापलेलं असतं. आरडाओरडा मला जमत नाही, पण नावं वाचायला जमतात. तेहेतीस वर्षं हजेरी घेतली आहे. समोरून येईल त्याचं नाव खणखणीत आवाजात घ्यायला लागले. एक दाढीवाला मुलगा लंगडत चालला होता, तो "हजर, बाई!" म्हणाला आणि पुन्हा धावायला लागला. लेक शेवटच्या फेरीत आली तेव्हा चालत होती, ओठ पांढरे पडलेले. माझ्या हातात पाण्याची बाटली. मी ती पाठीमागे धरली, आणि तिचं नाव घेतलं. नुसतं नाव नाही, बापाचं नाव, आडनाव, सगळं. शाळेच्या दाखल्यावर असतं तसं. ती हसली की रडली ते कळलं नाही, पण पावलं उचलली.

आठ तास अकरा मिनिटं.

नंतर नारळाच्या झाडाखाली ती पाय पसरून बसली, गळ्यात पदक, आणि डबा उघडला. पहिली पुरी खाताना मध्येच थांबून म्हणाली, "आई, तुझ्या दादाचं खरं नाव काय होतं गं?"

घरात सगळे दादाच म्हणत. फोटोही लावलेला नव्हता. मी सांगितलं. ह्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात विषयच निघाला नव्हता.

तिनं ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, आणि लोणच्याची बरणी मागितली. सहा पुऱ्या खाल्ल्या.