बडोद्यात दोन दिवस, आईबरोबर

"बडोद्यात काय आहे बघायला?" ऑफिसमधल्या तिघांनी मला हाच प्रश्न विचारला. गुजरात म्हटलं की लोकांना कच्छचं रण, गीरचे सिंह नाहीतर द्वारका आठवते. मला मात्र चित्रं बघायची होती आणि शेव-उसळ खायची होती. दोन दिवसांची सुट्टी, मुंबईहून रात्रीची गाडी आणि पाठीवर एक सॅक, एवढाच बेत. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मी पण येते."

आई असं कधी म्हणत नाही. लग्नकार्य सोडलं तर बाबांच्या डब्याची सोय लावल्याशिवाय ती गावाबाहेर पडत नाही. मी जास्त काही न विचारता दुसरं तिकीट काढलं.

सकाळी उतरलो, हॉटेलवर सामान टाकलं आणि आधी पोटाची सोय पाहिली. बडोद्यात शेव-उसळ सकाळपासून मिळते. पांढऱ्या वाटाण्याची पातळसर उसळ, वर जाड शेव, बारीक चिरलेला कांदा, सोबत पाव. लाल तर्री वेगळी, सोसेल तेवढी घ्या. मी जोशात दोन पळ्या घेतल्या आणि नाक-डोळे पुसत बसले. आईनं शांतपणे एकेक घास खाल्ला आणि निकाल दिला, "आपल्या मिसळीची बहीण आहे. सासरी येऊन जरा बदललीय, एवढंच."

हे नातं उगाच नाही. बडोदा म्हणजे गायकवाडांचं संस्थान. सयाजीराव महाराज तिसरे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ साली बारा वर्षांचा हा मुलगा दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आला. आजही दांडिया बाजार, रावपुऱ्याकडे फिरताना कानावर मराठी पडतं. रिक्षावाल्यानं आमचं बोलणं ऐकलं आणि "कुठून आलात?" असं सरळ मराठीत विचारलं.

कमाटी बागेबाहेर सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आहे. त्या चौकाला म्हणतात काळा घोडा. मुंबईकरांनी इथे जरा नम्र व्हावं! बागेतच बडोदा संग्रहालय आहे, १८९४ सालचं. इजिप्तची ममी, निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा, अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती, सगळं एकाच छताखाली. शेजारी युरोपियन चित्रांचं दालन आहे. तिथली चित्रं पहिल्या महायुद्धामुळे बरीच वर्षं अडकून पडली होती, त्यामुळे दालन खुलं व्हायला १९२१ साल उजाडलं. लहान मुलं बरोबर असतील तर देवमाशापासून सुरुवात करा. मग ती चित्रांपर्यंत तक्रार न करता येतात.

याच बागेत आणखी एक जागा आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली इथे नोकरीवर रुजू झाले होते. जातीमुळे त्यांना राहायला कुणी खोली देईना. जिथे मिळाली होती तिथूनही हाकललं. तेव्हा ते या बागेत येऊन बसले आणि रडले. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. सकाळपासून 'आपलं बडोदा, आपली माणसं' असं चाललेलं आमचं बोलणं इथे थांबलं. आईनं हात जोडले. आम्ही बराच वेळ गप्प चालत होतो.

दुपारी लक्ष्मी विलास राजवाडा. तो १८९० साली पूर्ण झाला आणि अर्थातच डोळे दिपतात. पण त्याच आवारातलं महाराजा फतेहसिंह संग्रहालय मला जास्त आवडलं. राजवाड्यातल्या मुलांसाठी बांधलेल्या शाळेच्या इमारतीत ते आहे. तिथे राजा रविवर्मांची मूळ चित्रं आहेत. सयाजीरावांनी त्यांच्याकडून पुराणकथांवर १४ चित्रं काढून घेतली होती. पुढे रविवर्मांनी छापखाना काढला, आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. माझ्या आजीच्या देवघरातही होत्या, तेलाच्या धुरानं काळवंडलेल्या. त्यामुळे 'विश्वामित्र-मेनका'समोर उभं राहिल्यावर मला उगाच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आई मात्र चित्राच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, "वस्त्राची चकाकी बघ. लांबून रेशीम वाटतं, जवळून नुसता पांढरा रंग आहे. दोन फटकाऱ्यांत केलंय." मी तिच्याकडे बघतच राहिले. हे तिला कुठून कळलं?

दुसऱ्या दिवशी रावपुऱ्यातला तांबेकर वाडा शोधला. भर बाजारात आहे, बाहेरून ओळखू येत नाही, दोनदा पुढे गेलो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. लाकडी जिना चढून वर गेलात की भिंती, दारं, छत, जिथे नजर जाईल तिथे चित्रं. कृष्णलीला, महाभारत, लढाया आणि मधेच टोपीवाल्या मडमा. कुठे चेहरा पुसलाय, कुठे पोपडा निघालाय. बाहेर हॉर्न वाजत होते आणि आत आम्ही दोघीच. माझ्या मते सगळ्या बडोद्यात ही एक खोली चुकवू नये. राजवाडा राहिला तरी चालेल.

वाड्यातून बाहेर पडलो आणि लीलो चिवडा घेतला. बटाट्याच्या किसाचा, हरभऱ्याच्या डाळीचा, गोडसर आणि चक्क मऊ. कुरकुरीत नसलेल्याला चिवडा म्हणायला माझं मन तयार नव्हतं, पण कीर्तिमंदिरापर्यंत पुडी अर्धी झाली. कीर्तिमंदिर हे गायकवाड घराण्याचं स्मारक. आतल्या भिंतींवर शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी काढलेली चित्रं आहेत. गंगावतरण, मीरेचं आयुष्य, महाभारताचं युद्ध आणि टागोरांच्या 'नटीर पूजा'तली नर्तकी. रविवर्मांच्या झगमगाटानंतर या साध्या, वाहत्या रेषा बघताना डोळ्यांना थंड वाटतं.

शेवटी उरलं महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं फाइन आर्ट्स. १९५० साली सुरू झालेलं हे कॉलेज. बेंद्रे, के. जी. सुब्रमण्यन, नसरीन मोहमदी इथे शिकवायचे. भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख ही नावंही याच बडोद्याशी जोडलेली. मी हे सगळं वाचलेलं आईला ऐकवत होते, तेवढ्यात ती फाटकापाशी थांबली.

"आपल्याला आत सोडतील का गं?"

वॉचमननं वहीत नाव लिहून घेतलं आणि सोडलं. झाडांखाली अर्धवट दगडी मूर्ती पडल्या होत्या. एक मुलगी ओल्या मातीत कोपरापर्यंत हात घालून बसली होती. आम्ही चहा घेतला आणि कट्ट्यावर टेकलो. आई म्हणाली, "एलिमेंटरी, इंटरमिजिएट, दोन्हीला मला ए ग्रेड होती. आमचे ड्रॉइंगचे सर म्हणायचे, बडोद्याला जा. आप्पा म्हणाले, चित्रं काढून घर चालतं का? मी पण परत विचारलं नाही." तिनं चहाचा घोट घेतला. "सर गेले असतील आता."

पंचवीस वर्षांत मी आईला फक्त रांगोळी काढताना पाहिलंय. आणि मी इंग्रजी घेऊन बीए करते म्हटलं, तेव्हा घरात 'याचं पुढे काय होणार' असं सगळे म्हणत होते. तेव्हा कॉलेजचा फॉर्म आणून भरला होता तो आईनंच.

मला काय बोलावं सुचेना. मातीवाली मुलगी हात धुवायला आली, तिनं आमच्याकडे बघून हसून विचारलं, "कुणाला भेटायचंय, आंटी?"

"नाही, बघायला आलोय," आई म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "ही माती तडकत नाही का वाळताना?"

त्यानंतरचा पाऊण तास मी एकटीच कट्ट्यावर होते. मातीत काय मिसळतात, ओलं फडकं का गुंडाळतात, भट्टीत कधी टाकतात, हे सगळं आईनं विचारून घेतलं. ती परत आली तेव्हा तिच्या पदराला माती लागली होती.

परतीच्या गाडीत तिनं उरलेला चिवडा काढला. वर्ष संपताना इथली मुलं आपलं सगळं काम मांडतात, कुणालाही बघता येतं, असं त्या मुलीनं तिला सांगितलं होतं.

"उन्हाळ्यात असतं म्हणे," आई म्हणाली. "ऊन फार असेल, नाही? आणि बाबांच्या डब्याचं काय?"

मी काही बोलायच्या आत तिनंच हिशेब केला. "कुकर लावता येतो त्यांना. तू तिकीट काढ."