तीन दारू

मराठीतल्या 'दारू' या शब्दाची मला मोठी मौज वाटते. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून टिकून आहे. पुढे कोणत्या वाटेने कोण जाणे, ती पेल्यात शिरली, बंदुकीत शिरली आणि दिवाळीत 'शोभेची दारू' होऊन पोरांच्या हाती आली. एका शब्दाने सोंगे तरी किती घ्यावीत!

सरकार मात्र पहिल्या दोन सोंगांना नीट ओळखून आहे. पेल्यातल्या दारूवर 1949 च्या कायद्याची नजर, बंदुकीवर 1959 च्या. गावातल्या बायकांनी मतदानात बाटली आडवी केली, तर दुकानाला कुलूप लागते.

पण आमच्या निमगाव सावात घरोघरी असते ती तिसरी. कांद्यावर, टोमॅटोवर फवारायची. तिला आम्ही विष म्हणत नाही, 'औषध' म्हणतो; म्हणजे शब्द फिरून मूळपदावरच आला! ते आणायला परवाना नको, की कुणाला विचारायला नको.

शेजारच्या मळ्यातल्या एका गृहस्थांनी, टोमॅटोचा भाव पडला त्या साली, रात्री तेच जवळ केले. पोटात थोडी पहिली दारूही होती. दैव बलवत्तर म्हणून वाचले. पुढे एकदा बांधावर बसून मला म्हणाले, "मास्तर, मरायचं नव्हतं हो. ती रात्र सरायला पाहिजे होती."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. रात्र सरतेच, तोवर हाताशी काय आहे, एवढाच प्रश्न. इस्रायलच्या सैन्याने 2006 साली जवानांना सुट्टीत बंदूक घरी नेऊ देणे थांबवले, तर त्यांच्यातल्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. घरी जाणारी माणसे तीच, त्यांची दुःखेही तीच; कोपऱ्यात बंदूक तेवढी नव्हती.

श्रीलंकेची गोष्ट तर आपल्या बांधावरचीच. तिथे शेतकऱ्यांना औषधासाठी कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या. 2017 साली निष्कर्ष आला, की त्याने फरक पडला नाही. बरोबरच आहे, किल्ली घरातच ना! फरक पडला तो जहाल औषधे बाजारातूनच उठवल्यावर. 1995 नंतरच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरले, आणि पिकेही बुडाली नाहीत. आपल्याकडे काही औषधे बंद झाली आहेत. बाकीची जहाल औषधेही जावीत.

कायदा सावकाश येतो. शेजारी लवकर येऊ शकतो. भाव पडला की त्या घरी संध्याकाळी चहाला जावे, गप्पा लांबवाव्यात, उरलेले औषध आपल्या गोठ्यावर ठेवून घ्यावे. 14416 हा सरकारी फोन रात्रंदिवस चालू असतो. तो आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावा.

ते गृहस्थ परवाच कांद्याच्या रोपाची चौकशी करून गेले. यंदा भाव कसा राहील, याची त्यांना भारी काळजी. ती काळजी ऐकताना मला फार बरे वाटले.