यवतच्या मुली तंजावरात

मैत्रिणींनो, आमचं यवत तुम्हांला ठाऊक असेल ते दोन कारणांनी. एक तर पुणे-सोलापूर रस्त्यावरचं गाव म्हणून, नाहीतर तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाला होणाऱ्या पिठलं-भाकरीमुळे. त्या दिवशी घराघरांतून भाकऱ्या गोळा होतात, काळभैरवनाथाच्या देवळापाशी मोठमोठ्या कढयांत पिठलं शिजतं आणि हजारो वारकरी जेवतात. हे पिठलं मला गाडीला दीड दिवस लागतो इतक्या लांब, तंजावरात पुन्हा भेटेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

मी इथल्या एका महाविद्यालयात आठवड्याचे थोडे तास मराठी शिकवते. बाकी सगळा वेळ घरचाच. गेल्या जानेवारीत शेवटच्या वर्षाच्या मुलींची सहल निघाली. चौदा मुली, इतिहासाचे सर आणि “बाई बरोबर हव्यात” म्हणून मी. खरं सांगू? माझ्या कॉलेजात सहल निघाली होती, तेव्हा यादीतलं माझं नाव घरून कापलं गेलं होतं. “लग्न झाल्यावर जा नवऱ्याबरोबर” असं आजी म्हणाली. लग्न झालं, मुलं झाली, सहल राहिली ती राहिलीच. या वेळी सासूबाईंनीच मुलांचा ताबा घेतला. म्हणाल्या, “जा तू. येताना तिकडचं काहीतरी शिकून ये म्हणजे झालं.”

मुलींमध्ये एक होती, हुशार पण अबोल. वडिलांचं गुऱ्हाळ. तिचं लग्न जमवायचं चाललं होतं. तिचे वडील मला म्हणाले, “बाई, तुमच्या भरवशावर पाठवतो. मोकळेपणी फिरायची तिची ही शेवटचीच वेळ.” ते वाक्य मी मनात घेऊनच गाडीत चढले.

दौंडहून चेन्नईची गाडी, तिथून रात्रीची दुसरी गाडी. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ असं सगळं गाडीतच संपलं. पहाटे डोळे उघडले तर दोन्ही बाजूंना भातशेतं आणि मधूनमधून केळीच्या बागा. हा कावेरीचा मुलूख. पोंगल नुकताच झाला होता आणि दारोदारी पूजेला लावलेले अख्खे ऊस अजून उभे होते. मग काय विचारता! “अहो बाई, इथंही ऊस!” म्हणून आमच्या मुलींनी एकच गलका केला.

आता तुम्ही विचाराल, सहलीला तंजावरच का? कारण हे शहर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ मराठ्यांचं राज्य होतं. शहाजीराजे आणि तुकाबाई यांचे पुत्र व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास इथे गादीवर बसले. त्यांचे मामा संभाजी मोहिते म्हणजे आपल्या शेजारच्या सुप्याचे, ज्यांच्याकडून शिवरायांनी सुपे घेतलं ते. सरांनी हे सांगितल्यावर मुलींना तंजावर एकदम सोयऱ्यांच्या गावासारखं वाटायला लागलं. १८५५ मध्ये शेवटचे राजे निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केलं.

पहिल्या दिवशी बृहदीश्वराचं देऊळ पाहिलं. राजराज चोळाने ते १०१० मध्ये पुरं केलं. सुमारे २१६ फूट उंचीचं शिखर, सगळं दगडी. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं म्हणतात. आमच्या मुलींनी चारच्या उन्हात ती सावली शोधून काढली आणि तिच्यात रांगेने बसल्या! देवळाच्या आवारातल्या भिंतीवर चक्क मराठी लेख कोरलेला आहे. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला हा भोसल्यांचा इतिहास. अक्षरं देवनागरी, भाषा जुनी. मुली बोट न लावता एकेक शब्द जुळवत वाचत होत्या. एखादा लागला की टाळ्या. आजूबाजूचे लोक कौतुकाने पाहत होते.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय. नायक राजांच्या वेळेपासून चालत आलेला हा ग्रंथसंग्रह दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) फार वाढवला. राज्याचा कारभार इंग्रजांनी घेतलेला, हाती सत्ता अशी उरलेली नाही. पण हा राजा रडत बसला नाही. त्याने ग्रंथ जमवले, छापखाना काढला, डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करवून त्यांची चित्रांसह टिपणं ठेवली. त्याच्या पदरी पाकशास्त्रावर ग्रंथसुद्धा झाला, तोही मराठीत! गृहिणींनो, राजाला स्वयंपाकघराची एवढी कदर होती हे ऐकून मला फार बरं वाटलं.

तिथे मोडी कागद पाहताना आमची अबोल मुलगी थबकली. हळूच म्हणाली, “बाई, आमच्या आजोबांच्या ट्रंकेत असेच कागद आहेत. कुणालाच वाचता येत नाहीत. मला शिकता येईल?” पुण्यात मोडीचे वर्ग चालतात, असं मी सांगितलं. त्यानंतर ती गप्प झाली, पण हे गप्प वेगळं होतं.

आता खाण्याचं सांगते, नाहीतर तुम्ही रागवाल. सकाळी इडली, वडा आणि तुपातला मिरी-जिऱ्याचा पोंगल. पितळी वाटी-पेल्यात वरखाली ओतून फेसाळलेली फिल्टर कॉफी. दुपारी केळीच्या पानावर भात, सांबार, रस्सम, ताक. पहिल्या दिवशी दोघी-तिघींनी भाकरी नाही म्हणून तोंडं पाडली, तिसऱ्या दिवशी त्याच “थोडं रस्सम” म्हणून हात पुढे करीत होत्या. सांबाराला संभाजीराजांचं नाव मिळालं अशी इथे एक गोष्ट सांगतात. खरी की खोटी ठाऊक नाही, त्याला पुरावा काही नाही. पण गोष्ट गोड आहे.

शेवटच्या संध्याकाळी सरांच्या ओळखीने एका जुन्या मराठी कुटुंबात गेलो. दहा-बारा पिढ्या तिथेच. आजींचं मराठी ऐकून मुली प्रथम हसल्या, कारण शब्द आपले आणि सूर तमिळ. मी डोळे वटारले. मग आजींनी वाढलं काय, तर ‘पिटलै’! म्हणजे वांगं किंवा कारलं, तुरीची डाळ, चिंच, वाटलेला मसाला. बेसनाचा पत्ता नाही. पण नाव आपल्या पिठल्याचंच म्हणतात. पलीकडे ‘डांगर पचडी’. ती मात्र हुबेहूब आपलं डांगर. एक मुलगी म्हणाली, “आजी, आमच्या गावचं पिठलं प्रसिद्ध आहे.” आजींनी तिच्या गालावरून हात फिरवला, “मग तू आमचीच की.” मघाशी हसणाऱ्या पोरी आता डोळे पुसत होत्या.

आजींनी आणखी एक सांगितलं. तमिळ हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्तं गातात. गेल्याच्या आधीच्या शतकात मोरगावकरबुवांसारखे मराठी कीर्तनकार तंजावरात आले, त्यांची ही देणगी. मोरगाव आमच्यापासून ते किती दूर!

तुम्ही जाणार असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पाऊस असतो, जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. देऊळ दुपारी बंद असतं आणि दगड तापतो, म्हणून सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. पायात घालायला जुने मोजे न्या. मान हलवणाऱ्या मातीच्या बाहुल्या घेतल्यात तर साडीत गुंडाळून आणा.

सासूबाईंसाठी आणलेली कृती अशी: उडदाची डाळ कोरडीच खमंग भाजून बारीक दळावी. वाटीभर दह्यात दोन चमचे पीठ, मीठ घालून गुठळ्या मोडाव्यात. वर मोहरी, हिंग, हिरवी मिरची यांची फोडणी. सासूबाईंनी चाखून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे तर माझंच डांगर. एवढ्या लांब जाऊन हेच शिकलीस?” म्हटलं, हो, हेच.

आणि ती मुलगी? परतल्यावर तिने वडिलांना ट्रंक उघडायला लावली. मोडी शिकायचं आहे, पुढे एम. ए. करायचं आहे, असं आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून सांगितलं. वडील माझ्याकडे आले. मला वाटलं, आता बोल लावतात. पण म्हणाले, “बाई, परीक्षेनंतर बघू. पाहुण्यांना तसं कळवलंय.”

परीक्षेनंतर काय होईल ते मला आज सांगता येत नाही. पण मैत्रिणींनो, तुमच्या घरी सहलीचा कागद सहीसाठी आला, तर “लग्नानंतर जा” म्हणू नका. सही करा. जमलं तर बरोबर तुम्हीही निघा.