बुंदेलखंडची दैनंदिनी : झाशीचा मुक्काम

रविवार, रात्री
गाडी पावणेतीन तास उशिरा. चहा 45, पुरी-भाजी 60, रिक्षा 150 (मागितले तीनशे), लॉज 900, डासांची अगरबत्ती 20. गरम पाणी नाही. चहात साखर अतोनात. स्टेशनाचं नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाँसी, पण रिक्षावाल्याशी ‘झाँसी टेसन’च बोलावं लागतं. पिशवीत रॉबर्ट ब्लस्टचं ऑस्ट्रोनेशियन भाषांवरचं जाडजूड पुस्तक आहे. परतल्यावर त्यावर बोलायचंय, म्हणून हे ओझं. दोन पानं झाली आणि डोळे मिटले.

सोमवार
गाडीचा शीण उतरलेला नाही, तरी किल्ला केला. मूळ बांधकाम ओरछ्याच्या वीरसिंहदेवाचं, 1613चं. पुढे सुभेदार नारोशंकराने त्याला शंकरगडाची जोड दिली. ‘कडक बिजली’ तोफेपाशी फोटोसाठी रांग. इथे आल्यावर विष्णुभट गोडसे आठवणारच. वरसईचा हा गरीब भिक्षुक दक्षिणा मिळवायला उत्तरेत आला आणि 1858मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या वेढ्यात याच शहरात अडकला. त्याचा ‘माझा प्रवास’ छापून निघाला 1907 साली. त्याने नेसत्या वस्त्रानिशी पाहिलेल्या शहरात मी बाटलीचं पाणी पीत हिंडतोय, तेव्हा गरम पाण्याची तक्रार जरा आवरती घ्यावी.

दुसरी गोष्ट सुचली ती पुस्तकामुळे. 1943मध्ये सुभाषबाबूंनी सिंगापुरात स्त्रियांची पलटण उभी केली आणि तिला नाव दिलं झाशीच्या राणीचं. नेतृत्व लक्ष्मी स्वामिनाथन यांच्याकडे. भरती झालेल्या पुष्कळ मुली मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ मजुरांच्या. कित्येकींनी हिंदुस्थानही पाहिला नव्हता, मग झाशी कुठली! घरात तमिळ, बाहेर बाजारात मलाय आणि सैन्यात शिकायची रोमन लिपीतली हिंदुस्तानी. ती मलाय माझ्या पिशवीतल्या पुस्तकातल्या ऑस्ट्रोनेशियन कुळातली, आणि ते कूळ तैवानपासून मादागास्करपर्यंत आणि इकडे ईस्टर बेटापर्यंत पसरलेलं आहे. बाराशेच्या आसपास भाषा, बहुतेक सगळ्या होड्यांनी नेलेल्या. किल्ल्यावर हे कुणाला सांगणार? गाइडला माझ्याकडून फक्त दोनशे हवे होते. दिले.

मंगळवार
पाय सुजले. पाणी गारच. लॉजच्या मॅनेजराचं म्हणणं, ‘कल पक्का’. रिक्षा 80, औषध 64, जेवण 140. चहा प्यायलो नाही. बाकी काही नाही.

बुधवार, उशिरा
गणेश मंदिरात गेलो. मनकर्णिका तांब्यांचं, म्हणजे पुढच्या राणी लक्ष्मीबाईंचं, झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न 1842मध्ये इथेच लागलं असं सांगतात. बाहेर पायरीवर एक आजी बसल्या होत्या. माझं फोनवरचं बोलणं ऐकून म्हणाल्या, ‘कुठले आपण?’ पुण्याचा म्हटल्यावर उठल्याच. ‘चला घरी. उन्हात काय बोलायचं!’

दोन गल्ल्या सोडून घर. आमटी-भात, लोणचं, वर वाटीभर कढी. आमटीत गूळ, गोडा मसाला घरी कांडलेला. या प्रवासात पहिल्यांदा पोट भरलं आणि जीभही निवली. पूर्वज रत्नागिरीकडून नेवाळकरांच्या मागोमाग आले एवढंच त्यांना ठाऊक. गावाचं नाव घरात कुणाला सांगता येत नाही. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. जेवता जेवता पंखा थांबला. ‘पाहा, लाइट चालली गेली,’ त्या म्हणाल्या, आणि दारातल्या भाजीवाल्याशी अस्सल बुंदेलीत भांडल्या. भांडायला बुंदेली, बँकेत हिंदी, देवापुढे मराठी. सूनबाई कानपूरच्या. नातवाला मराठी समजते, उत्तर हिंदीत. मी ‘काय शिकतोस?’ विचारलं, तो म्हणाला, ‘बी.कॉम., अंकल.’

‘तुम्ही त्याच्याशी मराठीच बोलता ना?’
‘बोलते हो. पण त्याला कामाला कुठे लागते ती?’

या एका वाक्यासाठी तीन तास बसलो असं म्हणायला हरकत नाही. निघताना पिशवीत लाडू कोंबले. पैशांचं विचारायची सोयच नव्हती.

गुरुवार
दिवसभर खोलीत, पुस्तक आणि लाडू. मादागास्करच्या मलागासी भाषेची सर्वात जवळची नातलग सात हजारांहून अधिक किलोमीटर दूर, बोर्निओतल्या बारितो नदीच्या खोऱ्यात बोलली जाते. नॉर्वेचे ओटो डाल यांनी 1951मध्ये हे दाखवून दिलं. 2012च्या एका जनुकीय अभ्यासाचा अंदाज असा, की मादागास्करच्या मूळ वस्तीत जेमतेम तीसेक स्त्रिया होत्या आणि बहुतेक इंडोनेशियाकडच्या. तेवढ्यांवर अख्ख्या बेटाची भाषा उभी राहिली. आफ्रिकेतून आलेले लोकही शेवटी तीच बोलू लागले, कारण त्या बेटावर शेत, बाजार, सोयरीक सगळं तिच्यातच चालत होतं. उलट या कुळाचं माहेर मानतात त्या तैवानात मूळच्या भाषा चिनीखाली दबल्या. 2017मध्ये त्यांच्यासाठी कायदा करावा लागला.

म्हणजे माणसं किती आली हा प्रश्नच नाही. झाशीत मराठे पिढ्यान्‌पिढ्या राहिले, दरबार मराठी होता; पण बाजार बुंदेलीच राहिला. सुभेदारी होती तोवर मराठीला काम होतं. 1858नंतर ते गेलं. 1861मध्ये शहर शिंद्यांकडे आलं, तरी 1886मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला देऊन ते परत घेतलं. मग मराठी मागे सरकत सरकत स्वयंपाकघरात आली. अभिमान कमी पडला असं मला वाटत नाही. आजींपाशी तो भरपूर आहे.

शुक्रवार
रिक्षा 100. ओरछ्याची बस पकडायची आहे, पुढचा हप्ता तिथून.

वाचकांना एक सांगणं : ग्वाल्हेर, सागर, झाशीकडे तुमच्या नात्यात अशा कुणी आजी असतील, तर त्यांचं बोलणं फोनवर टिपून ठेवा. भांडणासकट टिपा. आणि ‘लाइट चालली गेली’ला मधेच थांबवून सुधारू नका.