वामकुक्षी

आम्हां मराठी माणसांना पित्ताचे फार कौतुक. राग आला की ते खवळते, जागरण झाले की ते होते, आणि रात्रीची मिसळ घशाशी आली तरी नाव त्याचेच. वास्तविक घशाशी येते ते बहुधा जठरातले आम्ल. पित्त यकृतात तयार होऊन लहान आतड्यात उतरते. शब्दांच्या काटेकोरपणाचे वेतन घेणाऱ्या आम्हांला हा भेद कळायला पन्नाशी उलटावी लागली, आणि तीही आवाज बसल्यावर.

दोन महिने सकाळच्या तासाला आमचा गळा घोगरा होत होता. खडूची धूळ, पंख्याचा वारा, वय, सगळ्यांना दोष देऊन झाला. एकदा मर्ढेकर वाचताना ऐन ओळीत आवाज फाटला आणि मागच्या बाकावर हसू फुटले. वाचून दाखवणे हेच ज्याचे भांडवल, त्याच्या पोटात तेव्हा काय कालवते ते शिक्षकच जाणे.

घशाच्या डॉक्टरांनी तपासून एकच विचारले, "रात्री जेवता किती वाजता?" आम्ही उत्तरपत्रिका संपवून अकराला जेवत होतो आणि लगेच पाठ टेकत होतो. मध्ये चार कप चहा. छातीत जळजळ क्वचितच होई, म्हणून संशय आला नव्हता.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. घास उतरला की ते मिटते. पोट तुडुंब भरले, पट्टा आवळला, वजन वाढले की खालून दाब येतो. धूम्रपानाने, तेलकट जेवणाने ते सैलावते. त्यात आडवे झालो की गुरुत्वाकर्षणाचाही आधार सुटतो.

तेव्हा आम्हांला 'वामकुक्षी' आठवली. वर्गात या शब्दाची फोड करून दिली, पण अर्थ 'दुपारची झोप' एवढाच सांगितला. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. डाव्या कुशीवर निजले की आम्ल जठराच्या खोलगट भागात साचते आणि अन्ननलिकेचे तोंड त्याच्या वर राहते. उजव्या कुशीवर नेमके उलटे. शब्दाने कूस अचूक सांगितली होती. वेळ मात्र आम्हांला बदलावी लागली, कारण जेवण आणि निजणे यांत दोन-तीन तासांचे अंतर हवे.

आता आम्ही आठला जेवतो, दोन घास कमी. उत्तरपत्रिका जेवणानंतर, बसून. चहा दोन कप. पलंगाच्या उशाकडील पायांखाली १५ सेंटीमीटरचे लाकडी ठोकळे आहेत (विश्वकोशाचे खंड सारण्याचा मोह आवरला). नुसत्या उशा रचल्या तर माणूस कमरेत वाकतो आणि पोटावर दाब वाढतो. काय बाधते ते ज्याचे त्याने टिपून ठेवावे. आम्हांला कॉफी आणि रात्रीची भजी बाधतात, मित्राला टोमॅटोचे सार.

एक गोष्ट मात्र विनोदात घालवू नये. घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी, काळी शौचास हे पथ्याचे प्रकरण नव्हे, डॉक्टरांकडे जावे. आणि छातीत दुखून घाम फुटला, धाप लागली, तर 'पित्त असेल' म्हणत सोडा-लिंबू घेत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे. शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकले आहे, आणि एकदा ते फार महागात पडलेलेही पाहिले आहे.

तीन महिन्यांनी आवाज परतला. मर्ढेकर पुन्हा वाचले, शेवटच्या ओळीपर्यंत. मागच्या बाकावर या खेपेस दोघे झोपले होते. कोणत्या कुशीवर, ते मात्र आम्ही पाहिले नाही.