उतरती तार

टाळ्या ओसरतात. वादक मान खाली घालतो, डावा हात गिटारच्या डोक्याकडे जातो, दोन बोटांत सहाव्या तारेच्या खुंटीचं बटण येतं, आणि उजव्या अंगठ्याने नुकतीच छेडलेली ती सगळ्यात जाड तार वाजता वाजताच खाली उतरू लागते. ‘ई’वरून ‘डी’वर. दोन-चार क्षणांचा मामला. ‘डी’ला षड्ज मानलं तर रिषभावरून षड्जावर आलेली एक लांब, खर्जातली मींडच ती. कुणी लिहिलेली नसते, कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव नसतं, शेजारचे श्रोते तेवढ्यात खोकून घेतात, पदर सावरतात, पत्रिका चाळतात. मी मात्र तिची वाट बघत बसलेली असते.

त्या आवाजात मला काय सापडतं, हे नेमकं सांगणं अवघड आहे. माझं लहानपण मिरजेतलं, त्यामुळे सतारमेकर गल्लीतून जाताना तारा चढत्या-उतरत्या ऐकू येणं हे आम्हाला पाखरांच्या आवाजाइतकं नेहमीचं. दुपारच्या उन्हात उंबऱ्याशी बसून कुणीतरी तंबोऱ्याची जवारी लावत असायचं, तारेखाली सुताचा दोरा किंचित मागेपुढे सरकवत असायचं, आणि मधूनच एखादी तार सैल सोडल्यावर तिचा स्वर घसरत घसरत अशा ठिकाणी जायचा की पावलं आपोआप थांबायची. भोपळ्यांचा तो कोरडा, धुळकट वास, लाखेचा वास, आणि आजोबांचं करंगळी धरून मला पुढे ओढणं. पुढे त्यांच्याच मांडीवर बसून दर्ग्यातल्या संगीतसभेत रात्र रात्र ऐकली. गायक मंचावर येऊन बसला की तंबोरे लावायला वेळ लागायचा, आणि त्या वेळाची कुणालाच घाई नसायची. मालकंस व्हायचा असेल तर पंचमाची तार मध्यमावर यायची. आजोबा कानाशी येऊन म्हणायचे, “ऐक, पंचम गेला.” मालकंसात पंचम नाही, हे मला पुस्तकातून कळलंच नाही कधी. तो जाताना मी ऐकला होता.

गिटारला ही ऐसपैस सवड मिळत नाही. तिच्या मैफलीत दोन रचनांमधली शांतता अंगावर येते, आणि वादकाला त्या शांततेत सगळ्यांच्या देखत वाद्य बदलावं लागतं. बदलावंच लागतं, कारण रचनाकारांची मागणी तशी असते. फ्रान्सिस्को तार्रेगाच्या ‘काप्रिचो आराबे’ला सहावी तार ‘डी’वर हवी. पराग्वेच्या आगुस्तिन बारिओसला ‘उन सुएन्यो एन ला फ्लोरेस्ता’मध्ये सहावी ‘डी’वर हवीच, शिवाय पाचवीही ‘ए’वरून ‘जी’वर. डाउलंडच्या ल्यूटसाठीच्या रचना गिटारवर घेताना तिसरी तार अर्धा स्वर खाली येते. कार्लो दोमेनिकोनीची ‘कोयुनबाबा’ तर जवळजवळ सगळं वाद्यच नव्याने लावायला लावते. एका स्वराने खोल गेलेल्या त्या तारेमुळे गिटारच्या पोटात किती जागा होते, हे ‘काप्रिचो’तला पहिला भरदार ‘डी’ छातीशी येऊन थडकला की कळतं. सेकंदाला ब्याऐंशी कंपनांवरून त्र्याहत्तरांवर, एवढंच काय ते गणित. पण खोली मोठी झाल्यासारखी वाटते.

आणि तार ऐकत नाही. जाड तारांच्या आत नायलॉनच्या बारीक तंतूंचा जुडगा असतो, वरून चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचं वेटोळं. गिटारवादक सेगोव्हियाच्या सोबतीने अल्बर्ट ऑगस्टिनने १९४०च्या दशकात नायलॉनच्या तारा रुळवल्या, त्याआधी बारीक तारा आतड्याच्या असत. या नायलॉनला आपल्या आधीच्या ताणाची ओढ सुटत नाही. सैल करून ‘डी’वर आणली तरी ती हळूहळू वर सरकू लागते, वर चढवली तर खाली बसते. म्हणून जाणता वादक तिला मुक्कामाच्या थोडं पलीकडे उतरवतो, अंगठ्याने हलकेच ओढून घेतो, आणि मग खालून वर येत नेमक्या जागी सोडतो. तेवढ्यात एका तारेचा ताण कमी झाल्याने मान तसूभर सैलावते आणि उरलेल्या पाच जणी किंचित चढतात. मंचावरचे दिवे तापवत असतात ते वेगळंच.

कान पारखतो ते असं. सहाव्या तारेवर सातव्या पडद्याशी बोट नुसतं टेकवायचं, पाचवीवर बाराव्याशी. दोन्हींकडून एकच ‘ए’ निघायला हवा. दोन्ही स्वर एकत्र झुळझुळत असताना जुळणी कच्ची असेल तर त्यांच्यामधे एक थरथर ऐकू येते. बटण फिरत जातं तशी ती मंदावते, लांब होते, आणि एका बिंदूला नाहीशी होते. दोन तारा एक होतात. किती एकांतातलं काम हे, आणि किती लोकांसमोर करायचं!

गोव्यात एका जुन्या कपेलात, पावसाळा सरता सरता, मी हे सगळं दोन हातांवरून पाहिलं. भिंतींना ओल होती, खिडकीतून ओल्या गवताचा वास येत होता, मायक्रोफोन नव्हता. वादक तरुण होता. त्याने ‘काप्रिचो’ वाजवली, आणि पुढे त्याने ठेवलं होतं आल्बेनिझचं ‘आस्तुरियास’. मुळात पियानोसाठी लिहिलेलं, पण गिटारवर ‘ई’च्या सुरात असं घर करून बसलेलं की ते पियानोचं होतं हे खरं वाटू नये. आल्बेनिझ आणि तार्रेगा, दोघेही १९०९ सालीच गेले. त्या संध्याकाळी त्यांच्यामधे एका तारेचं अंतर होतं, आणि या खेपेला वाट चढणीची होती.

त्याने तार वर घेतली. जरा पुढे जाऊ दिली, बोटाने दोनदा ताणून बसवली, मोकळी छेडून पहिल्या तारेशी ताडली. दोन्ही ‘ई’, दोन सप्तकांच्या अंतरावर. डोळे मिटलेले होते, ओठ घट्ट. मग वाजवायला लागला, आणि त्या धावत्या सुरावटीखाली खर्जाचा ‘ई’ कणभर खाली बसत चालल्याचं मला जाणवू लागलं. ओल्या हवेत, इतक्या घाईने चढवलेल्या तारेकडून दुसरं काय होणार? त्यालाही ते कळलं होतं. खांद्यावरून कळतं.

मधला संथ भाग आला. तिथे वाक्यं लहान आहेत, आणि प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्यायला जागा आहे. एका वाक्याचा शेवटचा स्वर मोकळ्या तारेवर लांबत असताना त्याचा डावा हात शांतपणे वर गेला, बटण पाव फेरा फिरलं, हात परत आला, आणि पुढचं वाक्य वेळेवर सुरू झालं. तो लांबलेला स्वर तुटला नाही. त्याखालचा ‘ई’ पुन्हा आला तेव्हा तो जागेवर होता, भरलेला, निश्चिंत. कपेलात एकही मान हलली नाही. रचना चालू असताना दाद द्यायची तिथे रीत नाही, ती मी पाळली. मिरजेत असते तर तोंडून ‘वा!’ निघूनच गेलं असतं, आणि आजोबांनी वळून पाहिलं असतं, मला नेमकं काय ऐकू आलं ते विचारायला.