तळ्याकाठची वाट आणि घरचा राखणदार

वाडीत मालकामागे कुत्रा असतोच. सुगी आटोपली की त्याला घेऊन तळ्याकाठी फिरून या. वसई तालुक्यात सोपाऱ्याचे चक्रेश्वर तळे आणि निर्मळचे विमल सरोवर त्यासाठी चांगले. भोवती वस्ती आहे. निर्मळला कार्तिकातील यात्रेचे दिवस तेवढे टाळा.

पूर्वेकडे पेल्हार धरणाचा काठ मात्र वेगळा. मागे तुंगारेश्वराचा डोंगर, २००३ पासून अभयारण्य. तेथे बिबट्याचा वावर, आणि कुत्रा हे त्याला सोपे भक्ष्य. २०२४ साली तर बिबट्या वसईच्या किल्ल्यात शिरला होता; वनखात्याने पिंजरा लावून पकडला.

माझा राजा असाच एका संध्याकाळी धरणाकाठी सशामागे धावला, तो परतलाच नाही. चूक माझी, साखळी हातात नव्हती.

तेव्हा अभयारण्यात कुत्रा नेऊ नका. त्याचे रोग रानातल्या जनावरांना लागतात. धरणाचे पाणी नळाला येते, त्यात त्याला उतरवू नका. पिसाळण्याची लस दरवर्षी टोचून घ्या. आणि दिवस मावळायच्या आत दोघेही घरी या.